चार गँग्लियन आणि कपाशीचे शेत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत विज्ञान शिकवत. फळ्यावर आकृती काढून झाली की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे : "आता सांगा, हे गावात कुठं दिसतं?" उत्तर आले नाही तर तो धडा शिकवून झाला असे ते मानत नसत. आजचा माझा विषय त्या प्रश्नाच्या कसोटीला लावण्यासाठीच मी निवडला आहे. पत्रिकेवर तो छापला आहे : डोक्यातील परानुकंपी गँग्लियन. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात हा विषय एका तक्त्यावर उरकतात. चार नावे, कुठून येते, कुठे जाते. मुले पाठ करतात, तोंडी परीक्षेत धडाधड म्हणून दाखवतात आणि दिवाळीपर्यंत विसरतात. माझे म्हणणे असे की खानदेशात राहणाऱ्या माणसाला, मग तो डॉक्टर असो वा नसो, या चार जागा माहीत असायला हव्यात. का, ते शेवटाकडे येईलच.

आपल्याकडची शेवभाजी घ्या. तर्रीदार रस्सा, शेजारी कळण्याची भाकरी, फोडलेला कांदा. ताट समोर आले की तोंडाला पाणी सुटते. पहिल्या घासाला नाक वाहू लागते. रस्सा खरोखर खानदेशी असेल तर डोळेही भरून येतात. आणि हे चालू असताना हातभर अंतरावरचे ताट स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्यातले भिंग फुगते, बाहुली बारीक होते. यातले एकही काम आपण ठरवून करत नाही. लाळ, नाक, अश्रू, बाहुली यांचा कारभार स्वायत्त तंत्रिका तंत्राकडे आहे. त्याच्या दोन शाखा. धावपळीच्या, धोक्याच्या वेळी पुढे येते ती अनुकंपी. खाणे, पचवणे, विसावा घेणे यांच्या वेळी काम करते ती परानुकंपी. परानुकंपी शाखेचा एक नियम आहे. मेंदूच्या खोडातून निघालेला तंतू थेट ग्रंथीपर्यंत जात नाही. वाटेत एका ठिकाणी तो संपतो, तिथे दुसरी चेतापेशी संदेश घेते आणि पुढे पोचवते. अशा पेशी जिथे घोळक्याने राहतात ती जागा म्हणजे गँग्लियन. डोक्यात अशी चार आहेत, प्रत्येक बाजूला चार : सिलिअरी, टेरिगोपॅलाटाइन, सबमँडिब्युलर आणि ओटिक.

विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो इथेच. कुठल्याही गँग्लियनची आकृती उघडली की त्यात तीन प्रकारचे तंतू शिरताना दिसतात : परानुकंपी, अनुकंपी आणि स्पर्श-वेदना नेणारे. मग मुले विचारतात, तिघेही इथे थांबतात का? मुंबईहून भुसावळकडे जाणारी गाडी चाळीसगावला थांबते तेव्हा डब्यातले बहुतेक प्रवासी जागचे हलत नाहीत. धुळ्याला जाणारा तेवढा उतरतो आणि फलाट बदलून धुळ्याची गाडी धरतो. गँग्लियनमध्येही गाडी बदलतो तो एकटा परानुकंपी. बाकीचे दोघे नुसते तिथून जातात. एवढे ध्यानात ठेवले तर त्या तक्त्याचा निम्मा भाग पाठ करावा लागत नाही.

मानेबद्दलही एक खुलासा. मानेत कण्याच्या बाजूने मण्यांसारखी जी गँग्लियन दिसतात ती अनुकंपी आहेत. मानेतून जाणारी सर्वांत मोठी परानुकंपी तंत्रिका म्हणजे व्हेगस. पण ती मानेत गाडी बदलत नाही. तिची गँग्लियन हृदयाजवळ आणि आतड्याच्या भिंतीत आहेत. कवटीच्या तळाशी तिच्यावर दोन फुगीर जागा दिसतात, त्या संवेदनेच्या.

आता डोळ्यापासून सुरुवात करू. सिलिअरी गँग्लियन खोबणीच्या मागच्या टोकाजवळ, दृष्टितंत्रिका आणि डोळा बाहेर वळवणारा स्नायू यांच्या मधल्या चरबीत असते. आकार सुमारे दोन मिलिमीटर. तिसऱ्या मस्तिष्क तंत्रिकेतून त्याला तंतू येतात आणि तिथून निघालेले बारीक तंतू डोळ्याच्या गोलकात मागून शिरतात. बाहुली आकसणारा स्नायू आणि भिंगाचा फोकस बदलणारा स्नायू हे दोन त्याचे ताबेदार. गंमत अशी की या गँग्लियनमधल्या सुमारे ९५ टक्के पेशी फोकसच्या कामाला आहेत, बाहुलीच्या वाट्याला जेमतेम पाच टक्के. म्हणजे टॉर्च मारून डॉक्टर जे पाहतो ती या गँग्लियनची मुख्य कामगिरी नव्हेच. पण जीव वाचवते ती तीच.

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. अपघात विभागात रात्री येणाऱ्या बेशुद्ध माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा टॉर्च मारतात त्याचे कारण रचनेत आहे. तिसऱ्या तंत्रिकेत बाहुलीकडे जाणारे परानुकंपी तंतू पृष्ठभागाला लागून असतात आणि डोळा फिरवणाऱ्या स्नायूंचे तंतू आत गाभ्यात. कवटीत रक्त साचून मेंदूचा दाब या तंत्रिकेवर आला की वरचे तंतू आधी चिरडतात. एका बाजूची बाहुली मोठी होते आणि प्रकाशाला दाद देत नाही. त्या वेळी रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत न्यायला फार थोडा अवधी असतो. मधुमेहात याच्या बरोबर उलट घडते. तिथे बिघडतो तो गाभ्यातला रक्तपुरवठा, त्यामुळे पापणी लोंबते, डोळा वळत नाही, पण बाहुली बहुधा शाबूत राहते. एकाच तंत्रिकेत कोण वर आणि कोण आत, एवढ्यावरून दोन वेगळ्या आजारांचे निदान होते. शरीररचनाशास्त्र कोरडे असते असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

डोळे तपासायला गेल्यावर थेंब टाकून अर्धा तास बाकावर बसवून ठेवतात, तेव्हाही हाच मार्ग औषधाने थोडा वेळ बंद केलेला असतो. बाहुली पसरते, डॉक्टरला पडदा दिसतो, आणि बाहेर आल्यावर मोबाइलवरचा मेसेज वाचता येत नाही. बाहुलीचे काम बंद करताना फोकसचेही झाले.

टेरिगोपॅलाटाइन हे चौघांत मोठे, पाच मिलिमीटरच्या आसपास. वरच्या जबड्याच्या मागे एक अरुंद खाच आहे, तिथे ते मॅक्सिलरी तंत्रिकेला लोंबकळलेले असते. योहान फ्रीड्रिख मेकेल या जर्मन शरीररचनाकाराने १७४८ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याला तंतू येतात ते सातव्या, म्हणजे चेहऱ्याच्या तंत्रिकेतून, कवटीच्या तळातल्या एका हाडी बोगद्यातून. या बोगद्याला सोळाव्या शतकातल्या ग्वीदो ग्वीदी नावाच्या फ्लॉरेन्सच्या वैद्याचे नाव आहे; व्हिडिअन हे त्याच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आले. अश्रुग्रंथी, नाकाचे अस्तर आणि टाळू ही या गँग्लियनची कार्यक्षेत्रे. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडाच्या अस्तरातल्या वेदनातंतूंना डिवचते, ती बातमी मेंदूच्या खोडात जाते आणि तिथून हुकूम या गँग्लियनमार्फत नाकाला सुटतो. शेवभाजी खाताना रुमाल का लागतो, त्याचे उत्तर हेच. सर्दीशी त्याचा संबंध नाही.

डोळ्यांत येणारे पाणी दुःखाचे असो वा कांद्याचे, शेवटचा टप्पा एकच. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. ते वाचताना महाराष्ट्राच्या किती पिढ्यांनी डोळे पुसले असतील! वाचणाऱ्याच्या मनात काय चालले होते ते साहित्याचे अभ्यासक सांगतील. मला एवढेच ठाऊक आहे की त्या भावनेला डोळ्यापर्यंत पोचायला याच खाचेतून जावे लागले. रडताना नाकही का वाहते, याची कारणे दोन : अश्रूंची मोरी नाकात उघडते, आणि नाकाच्या ग्रंथींना हुकूम देणारे गँग्लियनही तेच आहे.

या शेजारामुळे शस्त्रक्रियेत गमतीदार पेच पडतात. सतत वाहणाऱ्या नाकावर उपाय म्हणून इंग्लंडच्या गोल्डिंग-वूड यांनी १९६१ मध्ये त्या व्हिडिअन बोगद्यातली तंत्रिका तोडण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. नाक कोरडे झाले आणि पुष्कळांचा डोळाही कोरडा झाला. दोघांची वाट एक असल्यावर दुसरे काय होणार? २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात जो कहर केला त्या वेळी ही खाच अनेक कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. नाकातली बुरशी डोळ्याच्या खोबणीकडे सरकते तेव्हा ही खाच तिच्या वाटेवर असते. ही खाच आतून साफ केली नाही तर बुरशी पुन्हा डोके वर काढते. पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात संपणारी जागा त्या वर्षी रोजच्या कामाची झाली.

उरली दोन, लाळेची. सबमँडिब्युलर गँग्लियन जिभेखाली, हायोग्लॉसस स्नायूवर, लिंग्वल तंत्रिकेला टांगलेले असते. जबड्याखालची आणि जिभेखालची अशा दोन लाळग्रंथी त्याच्या हाताखाली. तोंडात काही नसताना जी लाळ झरत असते तिचा मोठा वाटा जबड्याखालच्या ग्रंथीचा. ओटिक गँग्लियन कवटीच्या तळाशी, फोरामेन ओव्हाले नावाच्या छिद्राच्या लगेच खाली. त्याचे तंतू नवव्या तंत्रिकेतून येतात आणि गालातल्या पॅरोटिड ग्रंथीला जातात. गालगुंड झालेल्या पोराने चिंच तोंडात घातली की ते का कळवळते? ओटिकचा हुकूम सुटतो, ग्रंथी लाळ तयार करू लागते, आणि आधीच सुजलेल्या ग्रंथीभोवतीचे घट्ट आवरण ताणले जाते.

सबमँडिब्युलरकडे येणाऱ्या तंतूंची वाट मला सगळ्या शरीरात सर्वांत विलक्षण वाटते. कॉर्डा टिंपनाय ही बारीक तंत्रिका कानाच्या पडद्यामागून, मध्यकर्णातल्या दोन हाडांच्या मधून जाते आणि मग खाली उतरून जिभेला मिळते. लाळेचा हुकूम आणि जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव, दोन्ही तिच्यातून जातात. कान फुटून आत हाड सडले, किंवा कानाच्या शस्त्रक्रियेत ही तंत्रिका दुखावली, तर रुग्ण तक्रार करतो की अर्ध्या जिभेला चव लागत नाही. घरचे म्हणतात, कानाचे ऑपरेशन झाले आणि हा जिभेचे काय घेऊन बसला? त्याचे बरोबर असते.

याच लाळेवर शरीरक्रियाशास्त्राचा मोठा शोध लागला. १८५१ मध्ये झुरिकला कार्ल लुडविगने कुत्र्याच्या जिभेकडच्या तंत्रिकेला विजेचा झटका दिला आणि लाळ वाहू लागली. त्या लाळेचा दाब त्या भागातल्या रक्तदाबापेक्षा जास्त भरला. म्हणजे लाळ ही रक्तातून गाळून येणारे पाणी नाही, ग्रंथी ती स्वतः बनवते, आणि तंत्रिकेच्या सांगण्यावरून बनवते, हे सिद्ध झाले.

तंतू चुकीच्या ठिकाणी जोडले गेले तर काय होते, त्याची दोन उदाहरणे सांगून पुढे जातो. चेहऱ्याची तंत्रिका सुजून तोंड वाकडे झाले, आपल्याकडे वारे गेले म्हणतात, की बहुतेकदा काही आठवड्यांत ते सुधारते. पण पुन्हा वाढताना लाळेकडे जाणारे काही तंतू वाट चुकून अश्रुग्रंथीला जाऊन मिळतात. मग माणूस जेवायला बसला की एका डोळ्यातून धारा. याला वैद्यकात नाव आहे मगरीचे अश्रू. नक्राश्रू ढाळणाऱ्यांची आपल्या सार्वजनिक जीवनात कमतरता नाही, पण हे अश्रू मात्र खरे असतात. दुसरे उदाहरण पोलंडच्या लुत्स्या फ्राय या ज्यू तंत्रिकातज्ज्ञ बाईंचे. गालात गोळीची जखम झालेला एक सैनिक जेवताना त्याच गालावर घामाने निथळायचा. ओटिककडून पॅरोटिडला जाणारे तंतू जखमेनंतर कातडीच्या घामग्रंथींना जाऊन मिळाले होते. १९२३ मध्ये बाईंनी हे लिहून ठेवले आणि आजही गालाच्या ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्यांत ते दिसते. बाईंना मात्र नाझींनी मारले. वैद्यकातली अनेक नावे पाठ करताना त्यामागचे माणूस हरवते, म्हणून हे सांगितले.

आता दोन शब्द विद्यार्थ्यांसाठी. ही चार गँग्लियन प्रत्यक्ष पाहिलेले डॉक्टर थोडे. मृतदेहात ती शोधणे कठीण, चरबी काढताना हमखास तुटतात, आणि हल्ली विच्छेदनाच्या तासांना कात्री लागली आहे. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय आणि जळगावचे २०१८ मध्ये सुरू झालेले शासकीय महाविद्यालय यांतून जी मुले शिकतात त्यांना शिकवणारा खरा गुरू टेबलावर असतो. देहदानाला आपल्याकडे १९४९ च्या कायद्याचा आधार आहे. घरच्यांना आधी सांगून ठेवणे मात्र कायद्याला करता येत नाही, ते तुम्हालाच करावे लागते.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. केंब्रिजच्या लँग्ली यांनी १८८९ मध्ये डिकिन्सन या सहकाऱ्याबरोबर एक साधी युक्ती केली. गँग्लियनवर ब्रशने निकोटिन फासले. गँग्लियनच्या अलीकडची तंत्रिका चेतवली तर काही होईना, पलीकडची चेतवली तर काम चालू. म्हणजे निकोटिनने नेमकी गाडी बदलण्याची जागा बंद पाडली होती. परानुकंपीसाठीचा पॅरासिंपथेटिक हा शब्दही याच लँग्लींनी १९०५ मध्ये रूढ केला. निकोटिन थोडे असेल तर ते आधी या पेशींना चेतवते. पहिल्यांदा तंबाखू मळून तोंडात टाकणाऱ्याला ती 'लागते', तोंडाला पाणी सुटते, घाम फुटतो, मळमळते. लँग्लींचा प्रयोग आपल्याकडे पारावर होतो.

पुढे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवले की तंत्रिका एक रसायन सोडून संदेश देते. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलिन. गँग्लियनमध्ये पहिली पेशी दुसरीला हेच देते, आणि दुसरी पेशी ग्रंथीलाही हेच देते. फक्त घेणारे ग्राही वेगळे : गँग्लियनमध्ये निकोटिनला ओळखणारे, ग्रंथीवर ॲट्रोपिनने बंद पडणारे. आणि संदेश देऊन झाला की ते रसायन क्षणात मोडून टाकणारे एक विकर तिथे हजर असते, कोलिनेस्टरेज. ते नसते तर एकदा सुटलेली लाळ थांबलीच नसती.

हे विकर बंद पाडणारी रसायने जर्मनीत गेरहार्ड श्राडर यांना कीटकनाशके शोधताना १९३० च्या दशकात सापडली. त्यांतलेच एक, टाबुन, पुढे युद्धाचा विषारी वायू झाले. त्याच घराण्यातली ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके आपल्या कपाशीवर, केळीवर, भाजीपाल्यावर आली. मोनोक्रोटोफॉस आणि थिमेट ही नावे या सभागृहातल्या शेतकऱ्यांना सांगायला नकोत. ही औषधे किड्याचे विकर बंद करतात आणि माणसाचेही. ती नाकातून जातात, तोंडातून जातात आणि कातडीतूनही जातात. भाद्रपदात कपाशी डोक्याएवढी झालेली असते. फवारा खांद्याच्या वर धरावा लागतो, वारा फिरला की तुषार तोंडावर. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. खानदेशातली कपाशी काही वेगळी नाही.

आता सरांचा प्रश्न : हे गावात कुठे दिसते? फवारणीहून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नजर धुरकट : सिलिअरी. डोळ्यांतून पाणी, नाक वाहते : टेरिगोपॅलाटाइन. तोंडातून लाळेच्या तारा : सबमँडिब्युलर आणि ओटिक. चारही मार्ग एकाच वेळी मोकाट सुटले आहेत. सोबत घाम, उलटी, जुलाब, छातीत घरघर. वाढत गेले तर स्नायू फडफडतात आणि श्वास थांबतो. 'ऊन लागलं' म्हणून ताक पाजून झोपवतात तो हाच माणूस. ऊन लागलेल्याचे तोंड कोरडे असते, हे लक्षात ठेवा.

इलाज ॲट्रोपिन. ते ग्रंथीवरचे आणि बाहुलीवरचे ग्राही झाकते, म्हणून लाळ, पाणी, छातीतला कफ आटतो. मात्रा पुरेशी आहे का, हे पाहायला अनुभवी डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप ठेवतो आणि काखेत हात घालतो. काख कोरडी, छाती स्वच्छ, म्हणजे बेत जमला. पण गँग्लियनमधले आणि स्नायूंवरचे ग्राही ॲट्रोपिनला जुमानत नाहीत. बंद पडलेले विकर सोडवायला पॅम नावाचे औषध देतात. ते कसे द्यावे, यावर महाराष्ट्रातल्याच एका गावाने जगाला विचार करायला लावले. बारामतीच्या एका रुग्णालयात डॉ. कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. सुरुवातीच्या मात्रेनंतर दोन दिवस सतत पॅम दिलेल्यांत मृत्यू शंभरात एक, चार-चार तासांनी टोचलेल्यांत शंभरात आठ. श्रीलंकेतल्या २००९ च्या चाचणीत मात्र पॅमचा फायदा दिसला नाही, आणि वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे ॲट्रोपिन लवकर मिळणे आणि श्वासाला आधार मिळणे, ही दोन कामे आजही पहिली.

आणखी एक सांगतो, कारण इथे घरचे लोक फसतात. दुसऱ्या दिवशी लाळ थांबते, रुग्ण बोलू लागतो, आणि नातेवाईक सुटी मागतात. श्रीलंकेच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की एक ते चार दिवसांच्या मधल्या काळात काही रुग्णांचे मानेचे स्नायू लुळे पडतात आणि मग श्वासाचे. उशीवरून डोके उचलून दाखव, असे सांगायचे. जमत नसेल तर तो धोक्यात आहे, तोंड कितीही कोरडे असो.

ॲट्रोपिनचे नैसर्गिक कोठार आपल्या बांधावर उभे आहे : धोत्रा. महाशिवरात्रीला महादेवाला वाहतो तोच. त्याच्या बिया पोटात गेल्या की चारही गँग्लियनचे काम उलटे होते. बाहुल्या मोठ्या, तोंडाला कोरड, कातडी तापलेली आणि सुकी, माणूस बरळतो, हवेत काहीतरी पकडू पाहतो. म्हणून विषबाधेच्या रुग्णाला घरी धोत्रा उगाळून देण्याचा शहाणपणा करू नका. मात्रा मोजता येत नाही आणि एका विषावर दुसरे बसते.

तसाच घोटाळा विंचवात होतो. लाल विंचू चावलेल्याला आधी उलटी, घाम, लाळ सुटते, आणि ॲट्रोपिन द्यावेसे वाटते. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र-रात्र या रुग्णांशेजारी बसले. त्यांनी दाखवले की मारते ते पुढे उसळणारे अनुकंपी वादळ, रक्तदाब आणि फुप्फुसात साचणारे पाणी. त्यावर त्यांनी प्राझोसिन वापरले आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात तिसाच्या आसपास होते ते एक-दोनावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लाळ दोन्हीकडे सारखी, पण इलाज एकमेकांच्या विरुद्ध.

म्हणून फवारणीच्या हंगामात एवढे करा. फवारणीहून आलेल्या माणसाला चक्कर, उलटी होत असेल तर खिडकीजवळ नेऊन त्याची बाहुली पाहा, तोंड आणि नाक पाहा. हातात हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून त्याचे कपडे उतरवा, साबणपाण्याने केस, नखे, मान, काखा धुवा. मीठपाणी पाजून उलटी करायला लावू नका. बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा. आणि औषधाचा डबा लेबलासह सोबत न्या. सगळीच कीटकनाशके या जातीची नसतात, प्रत्येकावर ॲट्रोपिन चालत नाही. लेबलावरच्या त्रिकोणाचा रंग आणि आतले नाव वाचूनच डॉक्टरला पुढचे ठरवता येते. डबा शेतातच राहिला असेल तर कोणाला तरी मोटारसायकलवर पाठवा, पण तो आणा.